घरच्या वाय-फाय राउटरमागे इंटरनेट फोन अडतोय? लक्षणावरून दोष कसा शोधायचा

राउटर बंद-चालू केला की इंटरनेट फोन बऱ्याचदा पुन्हा बोलू लागतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा तीच रड सुरू होते. रीस्टार्टने राउटरच्या मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदी पुसल्या जातात इतकंच. मूळ दोष जागच्या जागी असतो. तो शोधायचा तर कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: गडबड कॉल जुळण्यात आहे की आवाज पोचण्यात? ही दोन कामं वेगवेगळ्या वाटांनी होतात, वेगवेगळ्या कारणांनी अडतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

दोन वाटा आणि मधला राउटर

कॉल जुळवण्याचं काम सिप हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांचे ठरलेले नियम, करतो. फोन किंवा अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारा छोटा डबा) सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे ठराविक वेळाने ‘मी इथे आहे’ अशी हजेरी लावतो, यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात. रिंग वाजवणं, फोन उचलल्याचं कळवणं, कॉल संपवणं हेही सिपचंच काम. यासाठी बहुतेक वेळा यूडीपीचा (पोच न मागता पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवण्याची पद्धत) ५०६० पोर्ट, म्हणजे उपकरणातल्या दाराचा क्रमांक, वापरला जातो आणि टीएलएस या सुरक्षा पद्धतीने एन्क्रिप्ट केलेलं असेल तर ५०६१. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातो. त्याचे पोर्ट दर कॉलला नव्याने ठरतात. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये १६३८४ पासून पुढची किंवा १०००० ते २०००० अशी रेंज दिसते ती याचीच.

घरातल्या उपकरणांना राउटर खासगी पत्ते देतो, बहुधा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे. हे पत्ते बाहेर चालत नाहीत. म्हणून पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावर आपला सार्वजनिक पत्ता घालतो आणि उत्तर आलं तर ते घरात कुणाला द्यायचं याची नोंद ठेवतो. हे नॅट. वेबसाइट पाहताना यात काहीच अडत नाही. सिपची अडचण अशी की तो पत्ता पॅकेटच्या आत, मजकुरातही लिहितो. पाकिटावरचा पत्ता पोस्टाने दुरुस्त केला, पण आतल्या चिठ्ठीत ‘उत्तर मागच्या खोलीत पाठवा’ तसंच राहिलं, असा हा प्रकार. तुम्ही कॉल लावता तेव्हा अडॅप्टर मजकुरात लिहितो की माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.२३ या पत्त्यावर, १६३८४ पोर्टवर पाठवा. समोरच्या सर्व्हरने ते शब्दशः मानलं तर तुमच्याकडे येणारा आवाज कुठेच पोचत नाही.

आता बहुतेक कंपन्यांचे सर्व्हर आतला पत्ता बाजूला ठेवून, पॅकेट प्रत्यक्षात जिथून आलं तिथेच उत्तर पाठवतात. त्यामुळे साध्या घरगुती राउटरमागे फोन काहीही न करता चालायला हवा. चालत नसेल तर बहुधा मध्ये कुणीतरी ‘मदत’ करायला गेलेलं असतं. त्यात पहिला संशयित राउटर, दुसरं कुठल्या तरी जुन्या सल्ल्यावरून बदलून ठेवलेलं सेटिंग.

सुरुवातीच्या चाचण्या

अडॅप्टरच्या सिप सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि राउटरच्या सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये उतरवून घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर एक कॉल बाहेर, एक कॉल आत, दोन्ही बाजूंनी बोलून बघा. चार गोष्टी एकदम बदलून फोन सुरू झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

पहिली चाचणी खात्याची. मोबाईलवर एखादं सिप ॲप टाका, त्यात फोनचाच युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हर भरा, अडॅप्टर बंद ठेवा, मोबाईलचं वाय-फायही बंद करा आणि मोबाईल डेटावरून कॉल लावा. इथे नीट चालला तर खातं आणि कंपनी दोन्ही ठीक आहेत, दोष घरातल्या नेटवर्कमध्ये आहे. इथेही तीच तक्रार असेल तर राउटरमध्ये शोधण्याआधी कंपनीशी बोला. मग तेच ॲप घरच्या वाय-फायवरून चालवून बघा. हे झालं की ॲपमधून खातं काढायला विसरू नका. एकाच खात्यावर दोन उपकरणं राहिली तर काही सर्व्हर येणारा कॉल फक्त शेवटी नोंदलेल्याकडे पाठवतात आणि टेबलावरचा फोन गप्प बसतो.

दुसरी चाचणी केबलची. अडॅप्टर किंवा डेस्क फोन वाय-फायवर, एक्स्टेंडरवर किंवा मेश नेटवर्कच्या दुसऱ्या डब्यावर असेल तर तो तात्पुरता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला, केबलने जोडा. अडॅप्टरला फोनची वायर ‘फोन’ असं लिहिलेल्या खाचेत आहे ना, हेही बघा. ‘लाइन’ लिहिलेली खाच जुन्या लँडलाइनसाठी असते, तिथे फोन जोडला तर डायल टोन येत नाही. केबलवर तक्रार पूर्ण गेली तर वाय-फायच्या भागावर उडी मारा.

तिसरं काम, सगळं क्रमाने चालू करणं. आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, मग राउटर, दोन-तीन मिनिटांनी अडॅप्टर. राउटर एकटाच रीस्टार्ट झाला तर त्याची नॅटची नोंद जाते, पण सर्व्हरकडे अडॅप्टरचा जुना पोर्ट लिहिलेला राहतो. त्यामुळे पुढची हजेरी लागेपर्यंत येणारे कॉल हरवतात.

लक्षण काय सांगतं

*रजिस्ट्रेशनच होत नाही.* अडॅप्टरच्या स्टेटस पानावर एक आकडा दिसतो, तो वाचा. ४०१ एकदा येणं अगदी नेहमीचं आहे, सर्व्हर पासवर्ड मागतोय एवढाच त्याचा अर्थ. ४०१ पुन्हा पुन्हा आला किंवा ४०३ आला तर पासवर्ड किंवा ऑथेंटिकेशन आयडी चुकलाय. हा आयडी फोन नंबरपेक्षा वेगळा असू शकतो. ४०४ म्हणजे असं खातं त्या सर्व्हरवर नाही, बहुधा डोमेनच्या नावात चूक. ४०८ म्हणजे वेळ संपला आणि आकडाच न येणं म्हणजे उत्तरच नाही. या दोन्हींत पॅकेट पोचत नाहीये: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय), फायरवॉल किंवा सिप एएलजी (सिपमधले पत्ते बदलणारा राउटरचा भाग, पुढे पाहू) तपासा. टीएलएस वापरत असाल तर अडॅप्टरचं घड्याळही बघा. तारीख चुकलेली असेल तर सर्टिफिकेट मुदतबाह्य वाटतं आणि जोडणी नाकारली जाते, त्यामुळे वेळेचा सर्व्हर भरलेला हवाच.

*रिंग वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूचा आवाज येतो.* सिपची वाट मोकळी आहे, आरटीपीची एका दिशेने बंद. कारणं बहुधा तीन: सिप एएलजी, दुहेरी नॅट (एकामागे एक दोन राउटर पत्ता बदलतात ते), किंवा अडॅप्टरमध्ये हाताने भरलेला जुना सार्वजनिक पत्ता. दोन्ही बाजूंना शांतता असेल तर कोडेक, म्हणजे आवाजाचं डेटात रूपांतर करण्याची पद्धत, हाही तपासा. कोडेक अजिबात जुळला नाही तर मात्र बहुधा कॉल लागतच नाही आणि ४८८ येतो.

*बरोबर अर्ध्या मिनिटाने कॉल कटतो.* घड्याळ लावून मोजा. ३२ सेकंदांच्या आसपास असेल तर कारण जवळजवळ नक्की सांगता येतं. फोन उचलल्यावर ‘२०० ओके’ हा संदेश जातो आणि त्याची पोच परत यावी लागते. पोच मिळाली नाही तर तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो. सिपच्या नियमांत मूळ वेळ अर्धा सेकंद आणि वाट बघायची ती त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. तोवर पोच आली नाही तर कॉल सोडून दिला जातो. तेवढा वेळ गप्पा नीट चालतात म्हणून लोक इंटरनेटच्या वेगाला दोष देतात, पण वेगाचा इथे काही संबंध नाही. पोचपावती चुकीच्या पत्त्यावर चालली आहे, आणि तो पत्ता बहुधा एएलजीने बिघडवलेला असतो.

*कॉल दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी कटतो.* हा सेशन टायमर. लांब कॉल अजून जिवंत आहे ना, हे दोन्ही बाजू अधूनमधून विचारतात. नेहमीची मुदत १८०० सेकंद असते आणि विचारणा अर्ध्यावर, म्हणजे ९०० सेकंदांनी होते. ही विचारणा मध्येच गिळली गेली की कॉल बंद होतो. आधी एएलजी आणि पुढे सांगितलेला कीप-अलाइव्ह (नॅटची नोंद जागी ठेवायला अधूनमधून पाठवलेलं छोटं पॅकेट) तपासा. त्याने न सुटल्यास अडॅप्टरमधलं सेशन टायमरचं सेटिंग कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवा.

*बाहेर कॉल जातो, पण थोडा वेळ फोन पडून राहिला की येणारे कॉल लागत नाहीत.* नॅटची नोंद मुदतीआधी पुसली जातेय.

*आवाज तुटतो, यंत्रासारखा येतो, अक्षरं गळतात.* इथे नॅटचा काही दोष नाही. अपलोड, वाय-फाय किंवा लाइन, या तिघांपैकी एक.

सिप एएलजी: आधी हे बंद करा

एएलजी म्हणजे राउटरमधला सिप वाचणारा आणि त्यातले पत्ते बदलणारा भाग. हेतू चांगला होता. पण अनेक राउटरमध्ये हे काम अर्धवट होतं: एक ओळ बदलतात, दुसरी तशीच राहते, किंवा पत्ता बदलल्यावर मजकुराची लांबी बदलायला विसरतात. आता सर्व्हर आणि अडॅप्टर दोघेही नॅट आपापलं सांभाळतात. त्यात तिसऱ्याने ढवळाढवळ केली की वरची निम्मी लक्षणं दिसू लागतात.

सेटिंग कुठे असतं? टीपी-लिंकवर ॲडव्हान्स्डमध्ये नॅट फॉरवर्डिंगखाली एएलजी. डी-लिंकवर फायरवॉल सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन लेव्हल गेटवे. लिंक्सिसवर ॲडमिनिस्ट्रेशनच्या पानावर. मिक्रोटिकवर आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स आणि तिथली सिपची ओळ. नेटगिअरवर वॅन सेटअपमध्ये, पण तिथे चौकटीचं नावच ‘डिसेबल सिप एएलजी’ आहे, म्हणून टिक करायची असते, काढायची नाही. यात बरेच जण फसतात. एसुसवर वॅनखाली नॅट पासथ्रूमध्ये सिप पासथ्रू सापडेल. तिथे ‘नॅट हेल्पर’सह आणि त्याशिवाय असे वेगळे पर्याय दिसत असतील तर हेल्परशिवायचा ‘इनेबल’ निवडा. मॉडेल आणि फर्मवेअरनुसार जागा थोडी इकडेतिकडे होते, ‘सिप हेल्पर’ किंवा ‘व्हीओआयपी पासथ्रू’ अशी नावंही भेटतात. ओपनडब्ल्यूआरटीवर हा भाग मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे तिथे शोधत बसू नका.

बदल सेव्ह केल्यावर राउटर रीस्टार्ट करा, मग अडॅप्टर. रीस्टार्ट टाळला तर जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीने चालत राहतात आणि ‘बंद करूनही फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हा पर्याय कधी कधी दिसतच नाही. मग वळसा घ्यावा लागतो. एएलजी साधारणपणे ५०६० कडे जाणारी पॅकेट उघडून बघतो. फोन कंपनीचा सर्व्हर दुसरा एखादा पोर्टही देत असेल तर तो भरा. टीएलएस मिळत असेल तर त्याहून उत्तम, कारण एन्क्रिप्ट केलेला मजकूर राउटरला वाचताच येत नाही, मग बदलणार काय? फक्त अडॅप्टरचा स्वतःचा, म्हणजे लोकल पोर्ट बदलून मात्र दर वेळी काम भागत नाही. सर्व्हरचा पोर्ट ५०६० राहिला तर एएलजी तेवढ्यावरूनही पॅकेट ओळखू शकतो.

दुहेरी नॅट ओळखणं आणि काढणं

कंपनीचा मोडेम स्वतःच राउटर आहे आणि त्याला तुम्ही आपला वाय-फाय राउटर जोडला आहे, अशी रचना सर्रास असते. मग पत्ता दोनदा बदलला जातो आणि एएलजीही दोन असू शकतात. तुमचा बंद, वरचा चालू!

तपासायला आपल्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर दिसतो त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर नॅट एकच आहे. वॅनचा पत्ता १९२.१६८, १०, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर बहुधा वर आणखी एक राउटर आहे. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर खुद्द इंटरनेट कंपनीच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतेय.

वरचा राउटर घरातच असेल तर दोन मार्ग आहेत. मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे नॅट फक्त तुमचा राउटर करेल. किंवा तुमच्या राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करा. त्यासाठी बऱ्याच राउटरमध्ये तयार मोड असतो. नसेल तर हाताने असं करा:

१. दुसऱ्या राउटरचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्या पट्ट्यातला, पण त्याच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) रेंजच्या बाहेरचा द्या. मुख्य १९२.१६८.१.१ आणि त्याची रेंज १०० पासून पुढे असेल तर १९२.१६८.१.२ चालेल.
२. दुसऱ्या राउटरवरचं डीएचसीपी बंद करा.
३. केबल मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. दुसऱ्याचा वॅन पोर्ट मोकळा ठेवा.

क्रम महत्त्वाचा. डीएचसीपी बंद करण्याआधी केबल जोडली तर घरातली काही उपकरणं चुकीच्या राउटरकडून पत्ता घेतात आणि ऑफलाइन होतात.

कंपनीकडच्या नॅटला घरातून काही करता येत नाही. मात्र कीप-अलाइव्ह नीट असेल तर त्यामागेही फोन चांगला चालतो. नाहीच जमलं तर सार्वजनिक पत्ता मागा, किंवा फोन कंपनी आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे इंटरनेट पत्ते) देत असेल तर तो वापरून बघा.

पडून राहिलेला फोन: कीप-अलाइव्ह आणि हजेरीची मुदत

यूडीपीत ‘संपलं’ असा निरोप नसतो. म्हणून राउटर काही वेळ पॅकेट दिसलं नाही की नोंद पुसून टाकतो. हा वेळ किती असावा याबद्दल २००७ सालच्या आरएफसी ४७८७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज) मध्ये किमान २ मिनिटांची शिफारस आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये एकाच बाजूने वाहतूक झालेल्या नोंदीला मुळात ३० सेकंदच मिळतात. अडॅप्टर मात्र पुष्कळदा ३६०० सेकंदांनी, म्हणजे तासाने हजेरी लावतो. मधल्या वेळात दार बंद असतं आणि सर्व्हरने पाठवलेला येणारा कॉल राउटरशी येऊन थांबतो.

खात्री करून घ्या. फोन दहा मिनिटं न वापरता ठेवा आणि मोबाईलवरून त्यावर कॉल करा, लागणार नाही. मग त्याच फोनवरून एक कॉल बाहेर लावा, तो बंद करा आणि लगेच पुन्हा मोबाईलवरून करा. आता लागला तर निदान पक्कं.

अडॅप्टरमध्ये ‘नॅट कीप-अलाइव्ह’ चालू करून अंतर २० सेकंद ठेवा. ३० पेक्षा कमी हवं, पण ५ सेकंदांवर नेण्यात अर्थ नाही, काही सर्व्हर असा मारा करणाऱ्याला अडवतात. हजेरीची मुदत ३०० सेकंद करा. सर्व्हरला ती फार कमी वाटली तर तो ४२३ हे उत्तर देतो आणि किमान किती हवी ते सोबत सांगतो, तेवढी भरा. घरात दोन अडॅप्टर किंवा फोन असतील तर एकाचा लोकल पोर्ट ५०६०, दुसऱ्याचा ५०६२ ठेवा आणि आरटीपीच्या रेंजही वेगळ्या करा. एकाच पोर्टवरचे दोन फोन काही राउटरना झेपत नाहीत.

मोबाईलवरच्या ॲपचं दुखणं मात्र बरेचदा राउटरमध्ये नसतं. फोनची बॅटरी बचत ॲपला झोपवते. त्या ॲपसाठी ती बचत बंद करा आणि कंपनी पुश नोटिफिकेशन देत असेल तर ते चालू करा.

पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेड: नको

जुन्या सल्ल्यांमध्ये ५०६० आणि आरटीपीची अख्खी रेंज अडॅप्टरकडे फॉरवर्ड करा (बाहेरून आलेलं थेट त्याच्याकडे पाठवा), किंवा सरळ त्याला डीएमझेडमध्ये, म्हणजे इंटरनेटला पूर्ण उघडं, टाका, असं हमखास सापडतं. नोंदणी करणाऱ्या साध्या घरगुती फोनला याची गरज नसते. तोटा मात्र रात्री दोन वाजता कळतो: फोन वाजतो, नंबर १०० किंवा १००१ असा दिसतो, उचलला तर कुणी नाही. इंटरनेटवर उघडे सिप पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम थेट तुमच्या अडॅप्टरवर येऊन आदळत असतात. कॉल कंपनीमार्फत आलेलाच नसतो, म्हणून कंपनीच्या बिलात किंवा यादीत तो सापडत नाही. फॉरवर्डिंगचे नियम काढा, डीएमझेड बंद करा आणि अडॅप्टरमध्ये ‘फक्त सिप सर्व्हरकडून आलेले कॉल घ्या’ अशा अर्थाचं सेटिंग असेल तर ते चालू करा. अडॅप्टरच्या ॲडमिन पानाचा पासवर्डही मुळातला ठेवू नका.

स्टनचंही तसंच. स्टन सर्व्हर अडॅप्टरला त्याचा सार्वजनिक पत्ता सांगतो. पण काही राउटर प्रत्येक ठिकाणी जाताना वेगळा पोर्ट वापरतात, अशा सिमेट्रिक नॅटमागे स्टनने सांगितलेला पोर्ट निरुपयोगी ठरतो. कंपनीने सांगितलं असेल तरच स्टन चालू ठेवा.

आवाज तुटतोय: आधी मोजा

एका कॉलला लागतं किती? जी.७११ कोडेक सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो, प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे मिळून ४० बाइट. एकूण ८० केबीपीएस, इथरनेटवर ८७ च्या आसपास, तेही प्रत्येक दिशेला. जी.७२९ याच हिशोबाने २४ वर भागतो. म्हणजे आजच्या कुठल्याही जोडणीवर जागा कमी पडायचं कारण नाही. म्हणूनच स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवून ‘नेट तर चांगलं आहे’ म्हणण्याला इथे अर्थ नसतो. फोनला लागतं सातत्य: पॅकेट गळती १ टक्क्याच्या आत, पॅकेटमधलं अंतर फार तर ३० मिलिसेकंदांनी मागेपुढे आणि एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत. उशीर त्यापलीकडे बराच वाढला की लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

दोष कुठल्या टप्प्यात आहे हे पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) सांगतो. लॅपटॉप फोनच्या जागी ठेवून आधी राउटरच्या पत्त्यावर १०० पिंग लावा, मग फोन कंपनीच्या सर्व्हरवर १००. सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर बाहेरचा दुसरा एखादा कायम चालू असणारा पत्ता घ्या. राउटरपर्यंतचाच वेळ केबलवर १–२ मिलिसेकंद आणि वाय-फायवर मध्येच १०० च्या वर उड्या मारतोय, तर दोष वाय-फायचा. राउटरपर्यंत सपाट आणि बाहेर खडबडीत, तर दोष लाइनचा किंवा अपलोडचा. लाइन की अपलोड हे ठरवायला पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवा. पिंग २० वरून ३००–४०० वर गेला की समजा, मोडेमसमोर रांग लागतेय आणि आवाजाची छोटी पॅकेट त्या रांगेत उभी आहेत.

यावर औषध एसक्यूएम किंवा स्मार्ट रांग. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक असा पर्याय असेल तर तो चालू करा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५–९० टक्के भरा. मोजणी १० एमबीपीएस असेल तर ८.५ किंवा ९. कमी भरायचं कारण असं की रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागली पाहिजे, तरच राउटर तिला शिस्त लावू शकतो. जाहिरातीतला वेग भरला तर एसक्यूएम चालू असूनही उपयोग शून्य. साध्या क्यूओएसमध्ये (कुणाच्या पॅकेटना आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) अडॅप्टरच्या पत्त्याला सर्वात वरचा क्रम द्या. त्यासाठी डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्याचा पत्ता कायमचा ठरवा, नाहीतर महिनाभराने तो क्रम दुसऱ्याच उपकरणाला मिळेल.

वाय-फायवर बोलायचं असेल तर

जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वात कमी गर्दीचा. ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागतो. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवणाच्या वेळीच आवाज तुटत असेल तर त्याच्याकडे बघा. फोनच्या जागी सिग्नल −६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला हवा. −७५ ला वेबसाइट उघडतात, बोलणं मात्र तुटतं.

राउटरमधलं डब्ल्यूएमएम, म्हणजे वाय-फायवर आवाज-व्हिडिओला पुढची रांग देणारं सेटिंग, चालू असू द्या. अडॅप्टरच्या आरटीपीला डीएससीपी ४६ हा शिक्का (पॅकेटचा अग्रक्रम सांगणारा आकडा) असतो, पण इथे एक गंमत आहे. बरीच उपकरणं त्या शिक्क्याचे फक्त वरचे तीन बिट बघतात, त्यांतून ५ हा आकडा निघतो आणि वाय-फायमध्ये ५ म्हणजे व्हिडिओची रांग, आवाजाची ६ पासून सुरू होते. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला ६ द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. राउटरमध्ये ही जोडणी बदलता येत असेल तर बदला, नसेल तर सोडून द्या. व्हिडिओच्या रांगेतही आवाज सामान्य वाहतुकीच्या पुढेच असतो.

हवेतून जोडलेला एक्स्टेंडर बोलण्यासाठी वाईट, कारण बहुधा तोच रेडिओ दोन्हीकडे वापरतो. मेशचा दुसरा डबा मुख्य डब्याला केबलने जोडला तर फरक लगेच ऐकू येतो.

राहिलेलं किरकोळ

‘एक दाबा, दोन दाबा’ला यंत्र दाद देत नसेल तर डीटीएमएफ (बटण दाबल्यावरचे सूर) ‘इनबँड’वरून, म्हणजे आवाजात मिसळण्यावरून, आरएफसी २८३३ किंवा ४७३३ वर आणा. जी.७२९ सारखा कोडेक सूर चेपतो, म्हणून ते आवाजात मिसळून पाठवू नयेत. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर आधी हँडसेटचा आवाज कमी करा, मग अडॅप्टरचा गेन (आवाजाची पातळी) ३ डेसिबलने खाली आणा. फॅक्ससाठी टी.३८ ही खास पद्धत, नाहीतर जी.७११. दिवे गेल्यावर फोन हवा असेल तर यूपीएसवर मोडेम, राउटर आणि अडॅप्टर तिन्ही लागतात.

पुरावा गोळा करणं

लॅपटॉपवर वायरशार्क (पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्राम) लावून अडॅप्टरची पॅकेट सहसा दिसत नाहीत, राउटरचा स्विच ती लॅपटॉपकडे पाठवतच नाही. म्हणून अडॅप्टर बंद करून लॅपटॉपवरच सिप ॲप चालवा, वायरशार्क सुरू करा आणि बिघडणारा कॉल लावा. टेलिफोनी मेन्यूतल्या व्हीओआयपी कॉल्समध्ये तो कॉल बाणांसह उलगडतो. दोन गोष्टी बघा: आरटीपी दोन्ही दिशांनी दिसतोय का, आणि ‘२०० ओके’ पुन्हा पुन्हा येतोय का. टीएलएस असेल तर यातलं सिप वाचता येणार नाही, चाचणीपुरतं यूडीपीवर या.

कंपनीकडे तक्रार करताना ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तरात राउटर रीस्टार्ट करायला सांगतील. त्याऐवजी बिघडलेल्या दोन-तीन कॉलची तारीख आणि सेकंदांपर्यंतची वेळ, कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरवर, कोणत्या दिशेचा आवाज नव्हता, किती सेकंदांनी कटला, आणि लॉगमध्ये सापडला तर कॉल-आयडी (त्या कॉलची सिपमधली खूण) द्या. एएलजी बंद आहे, नॅट एकच आहे, अडॅप्टर केबलवर आहे आणि तेच खातं मोबाईल डेटावर चालतं की नाही, हेही त्याच मेलमध्ये लिहा. कॉल-आयडीवरून त्यांना आपल्या सर्व्हरच्या नोंदीत नेमका तोच कॉल काढता येतो.